दीड सुताचे स्क्रू

"वैजू, हिकडं ये गं जरा. हे बग काय आलंय."

अण्णांनी ही हाक मारली तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. समोर एका हॉटेलची तीन बर्नरची शेगडी उघडून ठेवली होती, हातात फडकं होतं, आणि मी काही बहिरा नव्हतो. चौदा वर्षं त्या कारखान्याच्या दारात कुठलीही वस्तू उतरली की पहिली हाक कृष्णातला असायची. कृष्णात म्हणजे मी. ती हाक आता सहा महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीला गेली होती.

गाडीतून उतरलं होतं ते एक झाकण. ताराबाई पार्कातल्या इंगवले वहिनीसाहेबांच्या यजमानांनी फार पूर्वी अमेरिकेहून गॅसवरची एक मोठी शेगडी आणली होती, बागेत ठेवून मटण नाहीतर कणसं भाजायची. तिला वरून ट्रंकेसारखं उघडणारं जाड ॲल्युमिनियमचं झाकण होतं. यजमान गेल्यावर शेगडी दहा-बारा वर्षं गॅरेजात पडून राहिली. खालचं अंग आम्ही आधीच दुरुस्त करून दिलं होतं. झाकणाची मूठ लोंबकळत होती आणि बिजागऱ्यांच्या स्क्रूंची डोकी गंजून गळून पडली होती.

"खंडेनवमीला आमच्याकडे देवीला बोकड असतो," वहिनीसाहेब म्हणाल्या. "पुण्याहून माझा भाऊ येतोय. यंदाचं मटण ह्यांच्या शेगडीवर करायचं ठरवलंय. अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत होईल ना, अण्णा?"

"न व्हायला काय झालं? वैजू करंल."

"मी करतो," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं," ते म्हणाले, "तू कर."

अण्णा म्हणजे नरहरी सुतार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचा छोटा कारखाना होता. हॉटेलांच्या भट्ट्या, शेगड्या, ओव्हन, जे जे पेटतं ते आम्ही दुरुस्त करायचो. माझे वडील अण्णांच्याच लेथवर उभे राहायचे. ते गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तेराव्याला अण्णा घरी आले, आईला म्हणाले, "ह्यो आता माझा," आणि दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्यात. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून मी ते वाक्य फारच मनावर घेतलं.

आता अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दिवाळीनंतर मिरजेला ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यापुढं कारखाना कोण बघणार ते दसऱ्याला सांगतो, असं त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं. हे ऐकल्यापासून माझं अन्न गोड लागत नव्हतं. जे सगळ्यांना माहीतच आहे ते दसऱ्याला सांगतो, असं माणूस कशाला म्हणेल?

वैजू, म्हणजे वैजयंता, गारगोटीकडची. आयटीआय झालेली, सत्तावीस वर्षांची, नवऱ्याचं घर सोडून भावाकडं राहणारी. पहिले आठ दिवस मीच तिला सगळं दाखवलं आणि पोरगी चांगली आहे असं घरी जाऊन सांगितलंसुद्धा. मग अण्णा म्हणाले, वैजूचा हात हलका हाय. मग म्हणाले, वैजूचं कान चांगलं हाईत, गॅस कुठनं फुसफुसतोय ते तिला लांबनं कळतंय. दुपारच्या जेवणानंतर ती त्यांना पेपर वाचून दाखवायला लागली. एक दिवस मी मोजलं. सकाळपासून जेवणापर्यंत अण्णांनी वैजू हे नाव एकोणीस वेळा घेतलं. कृष्णात चार वेळा, त्यातलं दोनदा वैजू कुठं गेली ते विचारायला.

"अण्णांनी तुमच्यावर सवत आणल्यागत करताय," बायको म्हणाली. मी ताटावरून उठलो.

त्या झाकणावर मी जीव तोडून राबलो, हे मात्र खरं आहे. गंजलेले चारही स्क्रू ॲल्युमिनियमला इजा न करता काढायचे म्हणजे खायचं काम नव्हे. तेल सोडलं, शेक दिला, पुन्हा तेल सोडलं. दोन दिवसांत चारही तुकडे बाहेर काढले. झाकण घासूनपुसून असं केलं की त्यात तोंड दिसावं. सप्तमीच्या सकाळी लक्ष्मीपुरीतून पाच एमेमचे स्टीलचे स्क्रू आणले. दिसायला अगदी जुन्यांसारखेच होते.

पहिला स्क्रू दोन वेढे गेला आणि अडला. स्क्रू अडला की थांबायचं, मागं घ्यायचं, आटे बघायचे. हे मी आजवर दहाजणांना शिकवलं असेल. पण बाकाच्या पलीकडं वैजू उभी होती आणि बघत होती. मी स्क्रूड्रायव्हरवर जोर दिला. आतून कर्र असं झालं, स्क्रू सैल फिरायला लागला आणि भोकातून चकचकीत चुरा बाहेर आला.

"आटं गेलं," अण्णा कारखान्याच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाले. ते भिंतीला धरत आले आणि भोकाच्या तोंडाशी बोट फिरवून बघितलं. "कुणी मागं लागलंवतं का रं?"

मी फडक्यानं चुरा पुसायला लागलो.

"वैजू, तू बग," ते म्हणाले.

तिनं जुन्या स्क्रूचा त्यातल्या त्यात धड तुकडा घेतला, ब्रशनं साफ केला आणि अण्णांच्या खणातला पिच गेज काढला. पिच गेज म्हणजे करवतीसारखे दाते असलेल्या पात्यांचा जुडगा. ज्या पात्याचे दाते स्क्रूच्या आट्यांत बरोबर बसतील ते त्याचं माप. ती एकेक पातं लावून उजेडाकडं धरून बघत होती. अण्णा बाजूला तोंड वर करून उभे होते, देवळात आरतीला उभं राहावं तसे.

"इंचाला चोवीस आटे, अण्णा. जाडी इंचाचे तीन सोळांश. म्हणजे..."

"दीड सूत," अण्णा म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. जुने मिस्त्री अजून सुतात मोजायचे, आठ सुतांचा एक इंच. "आगं, अमेरिकेत आजून इंचच चालतंय. आपल्याकडं पयल्या काळात सगळ्या मशिनींना हेच आटं असायचं. ह्या एमेमच्या नादात आमीबी इसरलो. बगितलंस कृष्णात, कसं मोजलं पोरीनं?"

"बघितलं," मी म्हणालो.

वैजू माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "पाच एमेम अगदी तसाच दिसतोय, दादा. मी असते तर मीबी तोच आणला असता. ह्या एका भोकाला आतनं नट देऊया, कळणारबी न्हाई कुणाला."

हे मला जास्त झोंबलं. तिनं चूक काढली असती तर भांडता तरी आलं असतं.

दीड सुताचे स्टीलचे स्क्रू शोधायला अण्णांनी आम्हां दोघांना पाठवलं. सप्तमीची दुपार आणि अष्टमीची सकाळ आम्ही गाव पालथं घातलं. लक्ष्मीपुरीतली सहा दुकानं झाली. एक दुकानदार म्हणाला, "ताई, दीड सूत माझ्या वडलांच्याबरोबर गेलं." शिलाई मशिनवाला झाला, भंगारवाले झाले. वैजूनं तो जुना तुकडा आणि त्यावर बसणारा एक नट रुमालात बांधून घेतला होता. कुठं स्क्रूचा ढीग दिसला की ती बसकण मारायची आणि एकेक स्क्रू नटात फिरवून बघायची. जे बसले ते गंजके लोखंडी होते, शेगडीच्या धगीला एक महिना टिकले नसते.

एका भंगाराच्या दुकानात हात झटकत ती म्हणाली, "अण्णांच्या मागं तुमी कारखाना बघणार, म्हणून मला बरं वाटतंय, दादा. दुसरं कुणी आलं असतं तर मला ठेवलं नसतं."

आता ह्यात वाकडं काय होतं? पण मला वाटलं, हिला आतली बातमी आहे. अण्णांनी हिला शब्द दिलाय आणि ही मला आधीच कुरवाळून ठेवतेय. परतीच्या वाटेवर मी तिच्याशी एक अक्षर बोललो नाही.

अष्टमीला दुपारी आम्ही हात हलवत परत आलो. अण्णा एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरं, माझा डबा. ते ऑइल इंजिनाचं वर्कशॉप बंद पडलं तवा मी थितनं डबाभर स्टीलचं स्क्रू आणलेलं. दीड सूतच. माळ्यावर आसंल. कृष्णात, तूच ठेवलायस बग."

मीच ठेवला होता. कुठं, तेही मला आठवत होतं.

त्या दिवशी वेळ थोडा होता. उद्यमनगरात अष्टमीला संध्याकाळी मशिनी थांबतात. त्या पुसून, तेल लावून ठेवतात आणि हत्यारं पाटावर लाल कापड घालून मांडतात. ह्याला आम्ही हत्यारं बसवणं म्हणतो. दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांची पूजा. एकदा हत्यारं बसली की दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्यांतलं एकही जागचं हलवायचं नाही. काही कारखान्यांत चालवून घ्यायचे, पण अण्णा ह्यात कडक. एका हॉटेलवाल्यानं ऐन नवमीला पाय धरले होते, तरी त्यांनी साधा पाना उचलू दिला नव्हता. आणि हत्यारं बसवायचा मान चौदा वर्षं माझा होता.

मी शिडी लावून माळ्यावर गेलो. डबा जिथं ठेवला होता तिथंच होता. पिवळा, गोल, बिस्किटांचा. झाकण उघडलं तर ग्रीसमध्ये साठ-सत्तर स्क्रू, कालच केल्यासारखे. चारच हवे होते. अर्ध्या तासाचं काम होतं.

खाली वैजू पेपर वाचून दाखवत होती. कसली तरी गावाकडची बातमी होती, बैल विहिरीत पडल्याची आणि त्याला काढायला गेलेले दोघं आत अडकल्याची. अण्णा हसायला लागले. हसता हसता खोकले, पुन्हा हसले. माझ्याशी बोलताना अण्णा असे कधी हसले होते का, ते मी आठवायला लागलो. मला आठवेना. चौदा वर्षांत त्यांनी मला काम शिकवलं होतं, कपडे केले होते, माझं लग्न लावलं होतं. हसले नव्हते.

"सापडला का, दादा?" वैजूनं खालून विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

डबा बाहेर कुठंतरी टाकून देता आला असता. पण खंडेनवमीच्या तोंडावर कारखान्यातलं लोखंड उंबऱ्याबाहेर टाकायचं नाही, एवढं पाळणारा मी. हसायला येतं आता. चिंध्यांच्या पिशवीत घालून मी तो खाली आणला. मग वैजू स्वतः माळ्यावर चढली. तासभर ती बॅटरी घेऊन खुडबुड करत होती, आणि तेवढ्यात मी पाट मांडले. मागच्या बाजूला, मोठ्या शेगड्याच्या, म्हणजे काम आवळून धरायच्या व्हाइसच्या, आड डबा ठेवला. वर लाल कापड अंथरलं आणि त्यावर हातोडे, कानशी, पाने, व्हर्नियर ओळीनं बसवले. आता दोन दिवस त्याला खुद्द अण्णांनीही हात लावला नसता.

वैजू खाली उतरली तेव्हा तिच्या केसांत जाळी लागली होती. "दादा, तुमीबी लई शोधलासा," ती म्हणाली. दिवेलागणीला वहिनीसाहेबांचा माणूस आला. वैजूनं झाकणाला तांब्याच्या तारेनं मूठ आणि बिजागऱ्या बांधून दिल्या. गाडी वळेपर्यंत ती दारात उभी होती.

खंडेनवमीला सकाळी अण्णा धुतलेलं धोतर नेसून पूजेला बसले. ताम्हन वैजूनं धरलं होतं. दिसत नव्हतं तरी अण्णांना कुठलं हत्यार कुठं आहे ते बोटांनी कळायचं. हातोड्याला हळद-कुंकू, कानशीला हळद-कुंकू, प्रत्येकाचं नाव घेऊन. हात मागं मागं सरकत शेगड्यापर्यंत गेला आणि त्याच्याही मागं गेला. कापडाच्या गोल उंचवट्यावर तो थांबला. बोटं त्याच्या काठावरून एकदा पूर्ण फिरली.

अण्णांनी तिथं कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि हात पुढं नेला. मी दिवसभर त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. कळलंय की नाही, काही थांग लागेना.

दसऱ्याला सकाळी वहिनीसाहेब येऊन गेल्या. अण्णांशी बाहेर उभ्या उभ्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी सोनं लुटून आम्ही सगळे कारखान्यात परतलो. एकमेकांना आपट्याची पानं देणं झालं, माणसं पांगली. अण्णांनी वैजूला मागच्या खोलीत चहा ठेवायला पाठवलं आणि मला म्हणाले, "बस."

मी बसलो.

"कारखाना तुझा. किल्ल्या खणात हाईत, उद्यापास्नं तूच उघड."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते एवढ्या दोन वाक्यांत झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "मग दसऱ्याला सांगतो असं का म्हणाला हुतासा?"

"दोगांचं एकदम सांगायचं हुतं. तुला कारखाना आणि वैजूला पुण्याची जागा." अण्णा सावकाश बोलत होते. "वैनीसायबांचा भाऊ मोठ्या हॉटेलांची सैपाकघरं करतोय. त्येला दुरुस्तीच्या खात्यावर शाणं माणूस पायजे हुतं. वैनीसाब म्हणाल्या, पोरीनं केलेलं काम त्येला दावूया, त्यो काम बगून घील. म्हणून ते झाकण तिला देत हुतो. तू मदी पडलास. मी म्हटलं, पडू दे, आसंल हौस."

"मला सांगायचं तरी."

"तिलाबी सांगितलं नव्हतं. जमलं न्हाई तर तिला लागाय नगो म्हणून. तारंनं बांधलेलं झाकण बगून पावणा हसला म्हणं. आज सकाळी गेला."

मागच्या खोलीत कपबशा वाजत होत्या. मी मान खाली घातली.

"डोळं गेल्यात माझं, कृष्णात," अण्णा म्हणाले. "बोटं न्हाई गेली."

"मग त्याच येळी उचलायचा की डबा. पाहुणा आज सकाळपतोर हितंच हुता."

"बसलेलं हत्यार मी कसं उचलू? मी उचलणार न्हाई हे तुला ठावं हुतं. म्हणून तर थितं ठेवलास."

मी म्हणालो, "तरी कारखाना मला देताय."

"तुज्या बापाला शब्द दिलाय. आन हात चांगला हाय तुजा, ते काय खोटं न्हाई." अण्णांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. "वैजू आता हितंच ऱ्हाईल. तुज्या हाताखाली. पुण्याची जागा मीच नगो म्हणालो, असं मी तिला मगाशी सांगितलंय. कृष्णात म्हणाला, वैजूला सोडायची न्हाई, ती गेली तर कारखाना मला पेलायचा न्हाई, म्हणून नगो म्हणालो."

"आसं का सांगितलं, अण्णा?"

"मग खरं सांगू? थांब, हाक मारतो तिला."

मी त्यांचा हात धरला. तो हात त्यांनी सोडवून घेतला नाही आणि माझा धरलाही नाही.

वैजू चहा घेऊन आली. कप खाली ठेवले, पदराला हात पुसले. आपट्याची चार पानं तिनं माझ्यासाठी वेगळी राखली होती, ती माझ्या हातात ठेवली आणि मला काही कळायच्या आत पायावर वाकली.

"अण्णांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "सख्ख्या भावानं घरात घेताना तोंड वाकडं केलं हुतं, दादा. हिला सोडायची न्हाई असं माझ्याबद्दल आजवर कुणी म्हणालं न्हवतं. पुण्याचं काय, ते गेलं तर गेलं."

"ऊठ," मी म्हणालो. ती लगेच उठली नाही.

सहा महिने मी तिच्यावर जळलो. पण त्या घटकेला मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. ज्या कृष्णातदादाच्या ती पाया पडत होती तो तिला भेटला होता. त्या गोष्टीला आज चोवीस वर्षं झाली. अण्णा जाऊनही पंधरा वर्षं होतील. वैजू अजून कारखान्यात आहे, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते की मला दादांनी ठेवून घेतलं. तिला तो दादा रोज भेटतो. मला एकदाही भेटलेला नाही.